‘रिले ३ ओपन’ असा अलर्ट आला तर काय करायचं? मॉनिटरिंगला नवीन लागलेल्यांसाठी

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं झालीयेत, स्क्रीनवर लाल पट्टी येते, "रिले ३ ओपन", खाली पिंपळगावकडच्या एका कोल्ड स्टोरेजचं नाव, शिफ्टला तुम्ही एकटेच आणि कामाला लागून जेमतेम दहा दिवस झालेत. मागच्या वेळी दोघं जण नवीन आले होते, त्यांना मी हाच अलर्ट दाखवून विचारलं, काय झालं असेल सांगा. एक म्हणाला रिले ओपन म्हणजे सर्किट तुटलं म्हणजे लाइट गेली. दुसरी म्हणाली ओपन म्हणजे दार उघडं असेल. दोघांचंही बरोबर असू शकतं आणि दोघांचंही चूक, कारण त्या तीन शब्दांत साइटवर काय झालं हे लिहिलेलंच नाहीये, फक्त एक काँटॅक्ट उघडलाय एवढंच लिहिलंय. त्या काँटॅक्टला बाहेर काय जोडलंय हे माहीत नसेल तर पुढचं सगळं अंदाजाने होतं, आणि रात्री दोन वाजता अंदाजाने केलेलं काम बहुतेक वेळा चुकतं हे मी बघितलंय.

मी नाशिकमध्ये हेच काम करतो, लांबच्या साइटवरची उपकरणं कंट्रोल रूममधून बघायचं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमधले नेटवर्क स्विच, दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यातली कोल्ड स्टोरेज, त्र्यंबक आणि इगतपुरी रोडचे छोटे शेल्टर (नेटवर्कची उपकरणं ठेवलेल्या बंद खोल्या), असं सगळं मिक्स आहे. खालचं सगळं त्या अनुभवातून लिहितोय, घाईत वाचू नका, अर्धा तास काढून एकदा नीट वाचा आणि मग शिफ्टला बसा.

आधी रिले म्हणजे नेमकं काय ते

रिलेमध्ये एक कॉइल असते, तिला करंट मिळाला की आतली पट्टी एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाते. बाहेर तीन टर्मिनल असतात, कॉमन, एनओ (नॉर्मली ओपन) आणि एनसी (नॉर्मली क्लोज्ड). कॉइलला करंट नसताना कॉमन आणि एनसी जोडलेले असतात, करंट दिला की कॉमन आणि एनओ जोडले जातात. बस एवढंच आहे. यूपीएस, फायर पॅनल, जनरेटरचं पॅनल, एसीचा कंट्रोलर, कोल्ड रूमचा थर्मोस्टॅट, ही सगळी मंडळी आपापल्या कंपनीची, आपापल्या भाषेत बोलणारी, पण प्रत्येकाकडे असा एखादा कोरडा काँटॅक्ट असतो ज्याला आपण ड्राय काँटॅक्ट किंवा पोटेन्शियल फ्री म्हणतो, म्हणजे त्याच्यावर स्वतःचं व्होल्टेज काहीच नसतं, तो फक्त उघडतो आणि मिटतो. म्हणूनच तो कुठल्याही डिव्हाइसला चालतो, आणि म्हणूनच त्याला जास्त काही सांगताही येत नाही.

नाशिककरांना हे सांगायला एक सोपं उदाहरण आहे. गोदावरीला पूर आला की आपण विचारतो, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, त्यावरून पूर किती ते कळतं. तो मारुती म्हणजे टेंपरेचर किंवा व्होल्टेजच्या सेन्सरसारखा झाला, किती ते सांगणारा. रिले सेन्सर फक्त एवढं सांगेल की पाणी लागलं किंवा नाही लागलं. कमरेपर्यंत का छातीपर्यंत हे त्याला विचारू नका, त्यासाठी दुसरा सेन्सर बघावा लागतो किंवा माणसाला फोन करावा लागतो.

अजून एक गोंधळ पहिल्या महिन्यात सगळ्यांचा होतो. स्विचवर अलार्म इनपुट वेगळा आणि अलार्म आउटपुट रिले वेगळा. इनपुट म्हणजे बाहेरचा काँटॅक्ट स्विचला काहीतरी सांगतोय, दार, धूर, पाणी वगैरे. आउटपुट म्हणजे स्विच स्वतः बाहेर सांगतोय की माझं काहीतरी बिघडलंय, एक पॉवर सप्लाय गेला किंवा एखादा पोर्ट डाउन झाला. मॉनिटरिंगच्या स्क्रीनवर दोन्हीला कधी कधी नुसतं "रिले" म्हणून लिहिलेलं असतं. इनपुटचा अलर्ट असेल तर खोलीकडे बघायचं, आउटपुटचा असेल तर त्या स्विचकडेच बघायचं. हे उलटं केलं तर माणूस शेल्टरला जाऊन दार बघून येतो आणि स्विचचा एक सप्लाय मेलेलाच राहतो.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चांगल्या वायरिंगमध्ये सगळं ठीक असताना लूप, म्हणजे डिव्हाइसपासून सेन्सरपर्यंत जाऊन परत येणारा वायरचा फेरा, मिटलेला ठेवतात, म्हणजे एनसी पद्धत. दार बंद, लूप बंद. दार उघडलं की लूप तुटला आणि अलार्म. याचा फायदा हा की उंदराने वायर कुरतडली, टर्मिनल ढिलं झालं, तरी लूप तुटतो आणि आपल्याला कळतं. उलट पद्धतीने जोडलं असेल तर वायर तुटल्यावर काहीच होत नाही, स्क्रीन हिरवीच राहते, आणि खरा धूर झाला तरी हिरवीच राहते. त्यामुळे "खोटा अलार्म आला, सिस्टीम बेकार आहे" असं म्हणायच्या आधी विचार करा, तुटलेल्या वायरने अलार्म दिला तर सिस्टीमने तिचं काम केलंय. बऱ्याच डिन रेल स्विचचा (पॅनलमधल्या धातूच्या पट्टीवर बसणाऱ्या) फॉल्ट रिलेही याच विचाराने असतो, सगळं ठीक असताना ओढलेला (कॉइलला करंट असलेला) आणि पॉवर गेली की आपोआप सुटणारा, म्हणजे स्विच पूर्ण मेला तरी रिले सांगून मरतो.

अलर्ट आल्यावर पहिली पाच मिनिटं

स्टेप १, अलर्ट पूर्ण वाचा. सोपं वाटतं पण लोक फक्त लाल रंग आणि साइटचं नाव वाचतात. डिव्हाइस कुठलं, इनपुट नंबर कितवा, आणि स्टेट बदलला कधी, हे तिन्ही कागदावर लिहा. अलर्ट आल्याची वेळ आणि स्टेट बदलल्याची वेळ वेगळी असू शकते कारण पोलिंग, म्हणजे आपल्या सिस्टीमने डिव्हाइसला स्टेट विचारणं, पाच-पाच मिनिटांनी होतं आणि त्यावर अलर्टचा डिले असतो, म्हणजे दार दोन वाजून दोन मिनिटांनी उघडलं असेल आणि तुम्हाला कळतंय दोन दहाला. डिव्हाइसचा लॉग बघाल तेव्हा त्याचं घड्याळ आपल्या वेळेवर आहे का यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) ते आधी बघा, यूटीसी असेल तर साडेपाच तास मागे दाखवणार, म्हणजे आपल्या रात्रीच्या २:१० ची नोंद तिथे आदल्या दिवशीच्या २०:४० ला सापडेल. मी यात एकदा पूर्ण तास घालवलाय, चुकीच्या वेळेचा लॉग वाचत बसलो होतो.

स्टेप २, डिव्हाइस जिवंत आहे का ते बघा. पिंग जातोय का, शेवटचं पोल कधी यशस्वी झालं. डिव्हाइस उत्तरच देत नसेल तर स्क्रीनवर जो रिलेचा स्टेट दिसतोय तो शिळा आहे, त्यावर विश्वास ठेवू नका, मग तो हिरवा असला तरी. अननोन म्हणजे ओके नाही हे डोक्यात पक्कं बसवा.

स्टेप ३, व्हॅल्यू स्वतः वाचा आणि तिचा अर्थ तपासा. एसएनएमपी म्हणजे नेटवर्कवरून डिव्हाइसची माहिती वाचायची पद्धत, तिची एसएनएमपीगेट ही कमांड मारून आत्ताची व्हॅल्यू घ्या. आता इथे एक खड्डा आहे. एसएनएमपीच्या स्टँडर्डमध्ये ट्रू म्हणजे १ आणि फॉल्स म्हणजे २ असतं, शून्य नसतंच. २००२ च्या आरएफसी ३४३३ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या स्टँडर्डचा दस्तऐवज) जे एंटिटी सेन्सरचं टेबल आहे त्यात असे हो-नाही सेन्सर याच पद्धतीने येतात, आणि त्याच टेबलमध्ये सेन्सरची तब्येत वेगळ्या रकान्यात असते, १ म्हणजे ओके, २ म्हणजे व्हॅल्यू मिळत नाहीये, ३ म्हणजे सेन्सरच बंद पडलाय. पण बऱ्याच कंपन्या स्वतःचं टेबल वापरतात आणि तिथे ० आणि १ असतं, कोणाकडे १ म्हणजे ओपन तर कोणाकडे १ म्हणजे क्लोज. त्यामुळे एका डिव्हाइसचा अर्थ दुसऱ्याला लावू नका. आपल्या साइट शीटमध्ये प्रत्येक इनपुटसमोर "कुठली व्हॅल्यू = काय झालं" असं लिहिलेलं असलं पाहिजे, नसेल तर उद्या सकाळी ते लिहायचं काम तुमचं, मी सांगितलं म्हणून सांगा.

यूपीएसचं थोडं वेगळं आहे. त्यात नेटवर्क कार्ड असेल तर नुसत्या काँटॅक्टवर थांबू नका, १९९४ ची आरएफसी १६२८ पाळणाऱ्या कार्डमध्ये आउटपुट सोर्स नावाची व्हॅल्यू असते, ३ आली तर नॉर्मल, ४ बायपास, ५ म्हणजे बॅटरीवर चाललाय. बॅटरीची अवस्थाही वेगळी मिळते, २ नॉर्मल, ३ लो. एवढं वाचलं की "यूपीएस अलार्म" या गोल शब्दाला अर्थ येतो.

स्टेप ४, सोबत अजून काय वाजलं ते बघा. एकट्या अलर्टवरून निर्णय घेऊ नका, आधीच्या आणि नंतरच्या दहा मिनिटांत त्याच साइटवर काय काय आलं ते एका खाली एक लिहा. मेन्स फेल, मग मिनिटा-दोन मिनिटांत जनरेटर ऑन, मग काही वेळाने मेन्स परत, जनरेटर ऑफ, हे एक सरळ लाइट गेल्याचं चक्र आहे, नोंद करा आणि लक्ष ठेवा. मेन्स फेल आलं आणि पाच मिनिटं झाली तरी जनरेटर ऑन आलं नाही, तर तिथून पुढे प्रत्येक मिनिट बॅटरीचं आहे. तसंच टेंपरेचर हाय आणि त्याच्या आधी एसी फेल, हे दोन्ही एकच प्रकरण आहे, दोन तिकिटं काढू नका. एप्रिल-मे मध्ये दुपारी बंद शेल्टर किती पटकन तापतं हे तुम्हाला पहिल्याच उन्हाळ्यात कळेल. सर्व्हरच्या खोलीला १८ ते २७ डिग्री ही आश्रे (ASHRAE) या एसी क्षेत्रातल्या अमेरिकन संस्थेची शिफारस आहे, शेल्टरमधली उपकरणं त्याच्यापेक्षा जास्त सोसतात पण बॅटऱ्या नाही सोसत, त्यांचं आयुष्य उष्णतेने झपाट्याने कमी होतं.

बॅटरीबद्दल थोडं जास्त लिहितो कारण इथे वेळेचं गणित असतं आणि नवीन माणूस इथे एकतर फार घाबरतो नाहीतर अजिबात घाबरत नाही. शेल्टरमध्ये बहुतेक ४८ व्होल्टचा डीसी प्लांट असतो, लेड अ‍ॅसिडच्या दोन-दोन व्होल्टच्या २४ सेल, चार्जिंगवर असताना साधारण ५४ व्होल्ट दिसतात. लाइट गेली की व्होल्टेज पटकन ४९ च्या आसपास येतो, ग्राफवर कडा कोसळल्यासारखी दिसते, पण ती नॉर्मल आहे, तिथे घाबरायचं नाही. त्यानंतर बराच वेळ हळूहळू उतरत राहतो, आणि शेवटी परत वेगाने पडायला लागतो. सेलमागे १.८ व्होल्ट धरले तर ४३.२ ला बॅटरी बँक संपली असं समजायचं आणि साधारण त्याच्या आसपास लो व्होल्टेज डिसकनेक्ट लोड तोडून टाकतो, बॅटरी वाचवण्यासाठी. तोपर्यंत थांबलात तर साइट गेली. म्हणून माझा नियम असा की जनरेटर लागला नाही हे कळलं की लगेच माणूस काढायचा, व्होल्टेज ४६ ला यायची वाट बघायची नाही, कारण आपल्या माणसाला नाशिकवरून घोटीच्या पलीकडे जायला पावसात किती वेळ लागेल हे व्होल्टेजला माहीत नसतं. लिथियम बॅटरी असेल तर अजूनच जपा, तिचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग एकदम पडतो, तिथे बीएमएसमधली (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटमधली) टक्केवारी वाचायची.

ट्रॅप आणि पोल यातला फरक इथेच सांगून टाकतो. ट्रॅप म्हणजे डिव्हाइस स्वतःहून ओरडतं, १६२ पोर्टवर, आणि ते यूडीपी आहे म्हणजे पोचलं का नाही हे कोणी बघत नाही. पोल म्हणजे आपण विचारतो, १६१ वर. तर होतं काय की दार उघडल्याचा ट्रॅप येतो आणि बंद झाल्याचा ट्रॅप वाटेत हरवतो, आणि स्क्रीनवर दार रात्रभर उघडं दिसतं. किंवा उलट, दोन पोलच्या मधल्या मिनिटात दार उघडून बंदही झालं आणि ग्राफवर त्याचा मागमूस नाही. म्हणून अडकलेल्या अलर्टवर आधी हाताने एकदा पोल मारा, मगच पुढचा फोन.

फोन कसा करायचा

याला मी स्टेप ५ म्हणेन आणि यात निम्मं काम होतं. साइटवरच्या वॉचमनला "रिले तीन ओपन दाखवतोय" असं सांगून काही उपयोग नाही, त्यांना डोळ्याने, हाताने, नाकाने तपासता येईल असं विचारा. आमचा एक फोन असा झाला होता:

"काका नमस्कार, कंट्रोल रूममधून बोलतोय. मागचं दार बंद आहे का हो?"

"बंदच आहे की."

"कडी लागलीये का, जरा हाताने ओढून बघता का? मी फोन चालू ठेवतो."

"थांबा हं... अहो नुसतं ढकललेलं होतं. लावली कडी."

आणि इकडे पुढच्या पोलला लाइन हिरवी. काका खोटं बोलत नव्हते, लांबून बघितलं तर दार बंदच दिसत होतं, फक्त दारावरचं चुंबक आणि त्याने चालणारा चौकटीतला रीड स्विच यांच्यात बोटभर फट राहिली होती. म्हणून "बंद आहे का" यावर थांबायचं नाही, "हाताने ओढून बघा" म्हणायचं, आणि फोन चालू ठेवून स्क्रीन बदलते का ते बघायचं. आणि रात्री झोपेतून उठून तुमच्यासाठी टॉर्च घेऊन कोणी मागच्या बाजूला गेलं तर आभार मानून फोन ठेवा, त्यांच्याशिवाय आपली सगळी सिस्टीम आंधळी आहे.

धुराचा अलर्ट मात्र यात बसत नाही. धूर आला तर डिले नाही, परत पोल मारून खात्री नाही, दोन मिनिटं वाट बघू नाही. लगेच साइटला फोन, खोलीत एकट्याने कोणी जायचं नाही, दाराला हात लावून गरम लागतंय का बघायचं, गरम लागलं किंवा धूर दिसला तर दार उघडायचं नाही, सगळ्यांना बाहेर काढायचं आणि १०१ लावायचा. खोलीत गॅसने आग विझवणारी सिस्टीम असेल आणि गॅस सुटला असेल तर फायरवाले किंवा त्या सिस्टीमचे लोक सांगेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. उपकरणं परत येतात. आणि आग नव्हती असं निघालं तरी पॅनल बहुतेक वेळा लॅच झालेलं असतं, म्हणजे धूर गेला तरी काँटॅक्ट तसाच राहतो, पॅनलवर जाऊन रिसेट करेपर्यंत अलर्ट जाणार नाही, त्यामुळे तो अडकलाय असं समजून स्क्रीनवरून पुसू नका.

साइटवर गेल्यावर

फोनवर सगळं ठीक सांगतायत आणि अलर्ट तरी जात नाही, मग जावं लागतं. जाण्याआधी साइट मेंटेनन्स मोडला टाका, पण संपायची वेळ टाकून, दोन तास म्हणजे दोन तास. वेळ न टाकता म्यूट केलेली साइट महिनोन्महिने म्यूट राहते.

तिथे पोचलात की पहिल्यांदा मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, ओहमवर नको. अलार्म इनपुटच्या लूपवर बहुतेक वेळा डिव्हाइसने स्वतःचं थोडं व्होल्टेज सोडलेलं असतं, लूप उघडा असेल तर इनपुटच्या दोन टर्मिनलमध्ये ते व्होल्टेज दिसतं, लूप मिटलेला असेल तर शून्याच्या जवळ. एवढ्यावरूनच कळतं की डिव्हाइसला लूप कसा दिसतोय. मग फील्डची वायर टर्मिनलवरून काढा आणि तिथे छोटासा जंपर लावा. जंपर लावल्यावर स्क्रीनवर स्टेट बदलला तर इनपुट चांगला आहे, बिघाड बाहेरच्या वायरमध्ये किंवा सेन्सरमध्ये. नाही बदलला तर इनपुट मेलाय किंवा कॉन्फिगरेशन चुकलंय. पाच मिनिटांत अर्धा प्रॉब्लेम बाजूला. हा जंपर काढायचा आहे हे तळहातावर लिहून ठेवा, का ते शेवटी सांगतो.

एक सुरक्षेचं. ड्राय काँटॅक्टच्या इनपुटला बाहेरून व्होल्टेज द्यायचं नाही, आणि स्विचच्या आउटपुट रिलेवरून २३० व्होल्टचा हूटर डायरेक्ट चालवायचा नाही. बऱ्याच इंडस्ट्रियल स्विचच्या रिलेची ताकद २४ व्होल्ट डीसी, १ अँपिअर एवढीच असते, मधे वेगळा रिले टाकायचा असतो. डेटाशीट बघा आणि मगच जोडा.

बाहेरच्या बाजूला आपल्याकडे काय काय सापडतं ते सांगतो. त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला पावसाळ्यात जंक्शन बॉक्समध्ये पाणी, ग्लँड (केबल आत शिरते तिथली सील) नीट न आवळल्यामुळे. शेल्टरचं दार बिजागरीवर खाली बसतं आणि चुंबक सरकतं. उंदीर तर आहेतच. द्राक्षाच्या सीझनमध्ये, म्हणजे जानेवारी ते एप्रिल, कोल्ड स्टोरेजचं प्रकरण वेगळं असतं. आत तापमान शून्य डिग्रीच्या आसपास, दमटपणा नव्वद टक्क्यांच्या वर, आणि पेट्यांमध्ये सल्फर डायऑक्साइड सोडणारे पॅड. गंधक आणि ओल एकत्र आली की तांब्या-पितळेची टर्मिनल हिरवट-काळी पडतात, काँटॅक्टवर थर बसतो, आणि अलार्मच्या लूपमधला करंट इतका कमी असतो की त्या थराला भेदून जात नाही. लूप दिसायला जोडलेला, मीटरवर कधी जोडलेला कधी तुटलेला. तिथे घासून साफ करून काही दिवसच भागतं, सील्ड सेन्सर टाका आणि जंक्शन बॉक्स थंड खोलीच्या बाहेर आणा. आणि सीझनमध्ये थंड खोलीच्या हाय टेंपरेचरच्या अलर्टला कधीही हलकं घेऊ नका, त्या भिंतीमागे कोणाच्या तरी वर्षभराच्या बागेचा माल पडलेला असतो.

सारखा येणारा-जाणारा अलर्ट

एका रात्रीत चाळीस वेळा ओपन-क्लोज, याला फ्लॅपिंग म्हणतात. पहिला मोह म्यूट करायचा होतो. त्याच्याआधी वेळा लिहून काढा आणि पॅटर्न शोधा. दर वीस मिनिटांनी येतोय का, मग काँप्रेसर किंवा एसी चालू होण्याशी जुळवून बघा, अलार्मची वायर ४१५ व्होल्टच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून नेली असेल तर मोटार सुरू होताना त्यात धक्का येतो, वायर वेगळी न्यायची किंवा शील्डेड टाकायची आणि शील्ड एकाच टोकाला अर्थिंगला जोडायची. वारा सुटला की येतोय का, मग दार हलतंय. पहाटे थंडीतच येतोय का, निफाडकडे हिवाळ्यात पारा किती खाली जातो ते आपल्याला माहीत आहे, पत्रा आकसला की ढिला स्क्रू बोलायला लागतो. कारण सापडल्यावर मग डिले लावा, आणि तोही प्रत्येकाला वेगळा. मी दाराला दोन मिनिटं ठेवतो, मेन्स फेलला एक मिनिट, पाण्याला अर्धा मिनिट आणि धुराला शून्य. काँटॅक्ट मिटताना काही मिलिसेकंद थरथरतोच, ते डिव्हाइस स्वतः गाळतं, त्यासाठी मिनिटांचा डिले लागत नाही.

याच्या उलटा प्रकार म्हणजे कायम लाल असलेला अलर्ट. इंडस्ट्रियल स्विचला दोन पॉवर इनपुट असतात, साइटवर एकच जोडलेला असतो, आणि फॉल्ट रिले पहिल्या दिवसापासून अलार्ममध्ये. सगळे म्हणतात तो असाच आहे, सोड. मग ज्या दिवशी पोर्ट खरंच डाउन होतो त्या दिवशी रिले काय वेगळं सांगणार, तो आधीच लाल आहे. एकतर दुसरा सप्लाय जोडा नाहीतर कॉन्फिगरेशनमध्ये किंवा डिप स्विचवर त्या इनपुटचा अलार्म बंद करा. मला शिफ्टच्या सुरुवातीला स्क्रीनवर एकही जुना लाल चालत नाही, याबाबतीत मी हट्टी आहे.

अ‍ॅक, नावं आणि हँडओव्हर

अ‍ॅक करणं म्हणजे "मी बघतोय", संपलं असा त्याचा अर्थ नाही. अ‍ॅक करताना एक ओळ लिहा, "०२:१४ वॉचमनशी बोललो, कडी लावली, ०२:२० ला हिरवं". बंद कधी करायचं, तर दोन पोल लागोपाठ नॉर्मल आले आणि कारण कळलं तेव्हा. कारण कळलं नाही आणि आपोआप हिरवं झालं तर तिकीट उघडंच ठेवा आणि सकाळच्या शिफ्टला तोंडाने सांगा, नुसतं ग्रुपवर टाकू नका. २०२७ च्या सिंहस्थाचा विचार करून आम्ही पंचवटी आणि त्र्यंबकच्या साइट शीटवर एक रकाना वाढवलाय, गर्दीच्या दिवशी रस्ता बंद असेल तर चालत पोचेल असा जवळचा माणूस कोण.

आणि नावं बदला. "रिले ३" हे नाव कोणाच्याच कामाचं नाही. "पिंपळगाव कोल्ड, मागचं दार उघडं" असं नाव ठेवा, काँटॅक्टची अवस्था न लिहिता खोलीत काय झालं ते लिहा, मराठीत लिहा. वर जो रात्री दोनचा अलर्ट सांगितला तो या नावाने आला असता तर दोघांनाही उत्तर विचारायची गरज पडली नसती.

टेस्ट केल्याशिवाय सेन्सर आहे असं धरू नका

आता आम्ही वर्षातून दोनदा, त्यातली एकदा मे महिन्यात पावसाच्या आधी, प्रत्येक इनपुट खराखुरा वाजवून बघतो. दार उघडायचं, मेन्सचा एमसीबी पाडायचा, पाण्याच्या सेन्सरवर ओलं फडकं ठेवायचं, धुराच्या डिटेक्टरला टेस्ट स्प्रे, फायर पॅनलच्या माणसाला सोबत घेऊन आणि बिल्डिंगला आधी सांगून. एक जण साइटवर, एक जण स्क्रीनसमोर, फोन चालू, आणि प्रत्येकाची वेळ शीटवर. सॉफ्टवेअरमधून टेस्ट अलर्ट पाठवला की फक्त मेसेज जातो का ते कळतं, वायर आहे का ते कळत नाही.

हे मी एवढं जोर देऊन सांगतोय कारण अंबडकडच्या एका कारखान्यात धुराचा इनपुट तीन वर्षं सलग हिरवा होता, एकदाही वाजला नव्हता, आणि आम्ही सगळे ती साइट चांगली समजत होतो. टेस्टला स्प्रे मारला, पॅनलचा हूटर वाजला, आणि माझ्या स्क्रीनवर काहीच नाही. टर्मिनल उघडून बघितलं तर इनपुटवर दोन इंचाची पिवळी वायर, काम सुरू करताना कोणीतरी लूप मिटवायला लावलेला जंपर, फायर पॅनलची केबल बाजूला गुंडाळून ठेवलेली, टोकाला टेप लावलेली. तीन वर्षं आम्ही त्या पिवळ्या वायरची तब्येत बघत होतो. त्या दिवसापासून आमच्या बॅगेतले सगळे जंपर लाल रंगाचे आणि वीतभर लांब आहेत, प्रत्येकावर नंबर आहे, आणि साइट सोडताना बॅगेतले नंबर मोजून फोनवर सांगितल्याशिवाय मी मेंटेनन्स मोड काढत नाही.